दोन तारे देणाऱ्या ताईंना: डबा आमचा, गाडी आमची नाही

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू सावकाश वाचला. सप्टेंबरच्या शेवटी सासू-सासऱ्यांना घेऊन शिकागोहून कॅलिफोर्नियातल्या एमरीव्हिलपर्यंत तुम्ही आमच्या जुन्या खासगी रेल्वे डब्यातून प्रवास केलात आणि दोन तारे दिलेत. गाडी सात तास उशिरा धावली, कोलोरॅडोतली ग्लेनवूड कॅन्यन ही दरी अंधारात गेली, परतीचं विमान चुकलं. डबा ‘रिस्टोअर केलेला’ म्हणतात, पण आत सगळं जुनंच. रात्री हादरे बसले, गाडीच्या पुढच्या डब्यांत जाता आलं नाही, दार उघडू दिलं नाही, अटेंडंट शेजारच्या टेबलावर बसून जेवला. आणि डेक्कन ओडिसीत याहून कितीतरी जास्त थाट असतो. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीत देतोय. आई-वडील अमेरिकेला आले की अशी सहल करावी असं इथल्या बऱ्याच जणांच्या मनात असतं, त्यांनाही वाचून ठरवता येईल.

आधी उशिराचं बघू. डबा आमचा आहे, गाडी अमेरिकेची प्रवासी रेल्वे कंपनी अ‍ॅमट्रॅकची, आणि रूळ बहुतेक सगळे तिसऱ्याच कुणाचे, म्हणजे मालवाहतूक करणाऱ्या कंपन्यांचे. कॅलिफोर्निया झेफर या गाडीच्या शेवटी आमचा डबा जोडला जातो आणि त्याचं भाडं आम्ही मैलाच्या हिशेबानं भरतो. शिकागो ते एमरीव्हिल 2,438 मैल. गाडी वेळेवर असो वा उशिरा, उजेड असो वा अंधार, मैल तेवढेच राहतात. प्रवासी गाडीला आधी वाट द्यायची असं इथला कायदा सांगतो. पण एकेरी मार्गावर समोरून साइडिंगमध्ये (गाड्या बाजूला घ्यायच्या रुळावर) मावणारच नाही इतकी लांब मालगाडी आली, की बाजूला कोणी व्हायचं हे वेगळं सांगायला नको. तुमच्या वेळी तर डेन्व्हरच्या अलीकडे पुढची मालगाडीच बंद पडली होती. त्यामुळे उशिराबद्दल पैसे परत देता येणार नाहीत. हे बुकिंगच्या कागदावर पहिल्याच पानावर आहे, सही करण्याच्या जागेच्या वर.

ग्लेनवूड अंधारात गेल्याची हळहळ मात्र मलाही आहे. डब्याच्या छतावरच्या ज्या काचेच्या घुमटात तुम्ही बसला होतात, त्याची कल्पनाच मुळात त्या दरीत सुचलेली. 1944 साली जनरल मोटर्सचे एक अधिकारी, सायरस ऑसबर्न, इंजिनाच्या केबिनमध्ये बसून तिथून चालले होते. एवढा देखावा ड्रायव्हरला दिसतो आणि तिकीट काढलेल्या माणसाला खिडकीएवढाच तुकडा दिसतो, हे त्यांना खटकलं. पुढच्याच वर्षी बर्लिंग्टन रेल्वेनं आपल्या कारखान्यात एका जुन्या डब्याच्या छतावर काचेचा घुमट चढवला. त्या कल्पनेचं स्मारक त्याच दरीत उभारलं होतं, ते आता कोलोरॅडोतल्याच गोल्डन गावच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

पण ताई, रिव्ह्यूसोबत तुम्ही टाकलेला तिसरा फोटो जरा पुन्हा बघा. पांढरंशुभ्र मैदान, त्यावर कोवळं ऊन आणि काचेत सासरेबुवांचं प्रतिबिंब. ते युटातलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान आहे. गाडी वेळेवर असली की सॉल्ट लेक सिटी सुटते रात्री अकराच्या पुढे, आणि हे मैदान येतं तेव्हा घुमटात चिटपाखरू नसतं. मी स्वतः ते दिवसाउजेडी फार क्वचित पाहिलंय. तुम्हाला ते दिसलं ते त्याच सात तासांमुळे. गोर कॅन्यनही एरवी सकाळी अकराच्या रखरखीत उन्हात जाते, तुम्हाला ती संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मिळाली. हिशेब बरोबरीत सुटला असं मी म्हणत नाही, पण दोन ताऱ्यांत ही बाजू कुठेच धरलेली दिसली नाही.

आता ‘जुनाट’पणाबद्दल. डब्याचं वय सत्तरीच्या पुढे आहे. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीत स्टेनलेस स्टीलमध्ये बांधलेला, बाहेरून कधी रंग न लागलेला. त्याची दुरुस्ती आम्ही एका साध्या नियमानं केली: जे दिसतं ते होतं तसं ठेवायचं आणि जे दिसत नाही ते नवं करायचं. वाफेवर चालणाऱ्या हीटरचे पाइप काढले, सगळं वायरिंग 480 व्होल्टसाठी नव्यानं केलं, ब्रेक पूर्ण उघडून बांधले, शौचालयाखाली बंद टाक्या बसवल्या, कारण पूर्वी सगळं थेट रुळांवरच पडायचं. दरवर्षी तपासणी होते आणि त्यात पास झाल्याशिवाय अ‍ॅमट्रॅक डब्याला हात लावत नाही. यातलं काहीच प्रवाशाला दिसत नाही, आणि पैसा सगळा तिथेच जातो.

तुम्ही ज्या वॉशबेसिनला ‘खेळण्यातलं’ म्हटलंत, ते भिंतीतून खाली ओढायचं, तोंड धुवायचं आणि पुन्हा वर ढकलायचं. वर जाताना पाणी आपोआप मागच्या पाइपात ओतलं जातं. त्याची बिजागरी अजून मूळची आहे. ते काढून हॉटेलसारखं संगमरवरी बेसिन बसवा असं आम्हाला सुचवणारे तुम्ही पहिले नाही. पण मग खोलीत पाय ठेवायला जागा उरणार नाही, आणि असा डबा सांभाळायचा कशाला हा प्रश्न उरेल.

हादऱ्यांचं कारण सोपं आहे. आपण गाडीच्या अगदी टोकाला असतो आणि खालचे रूळ मालगाड्यांच्या वजनानं झिजलेले. झोपताना डोकं कुठल्या बाजूला करायचं हे अटेंडंट सांगतो, तेवढं ऐकलं तर बरीच झोप लागते. गाडीच्या पुढच्या डब्यांत जाता येत नाही, कारण झेफरचे डबे दुमजली आहेत आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायची त्यांची दारं वरच्या मजल्यावर. आमचं दार खाली. मध्ये शिडी लावायची सोय कुणी केलेली नाही! गंमत म्हणजे खाली दार असूनही वरच्या घुमटाच्या उंचीपायी आमचा डबा न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनात शिरू शकत नाही, तिथले बोगदे ठेंगणे आहेत. न्यू जर्सीची मंडळी दरवर्षी विचारतात, म्हणून इथेच सांगून टाकतो.

दाराचा वरचा निम्मा भाग वेगळा उघडतो हे खरं, आणि तिथे वाऱ्यावर उभं राहून फोटो काढायचा मोह कुणालाही होईल. पण चालत्या गाडीत प्रवाशानं बाहेरचं दार उघडायचं नाही हा अ‍ॅमट्रॅकचा नियम आहे. तो मोडला तर दंड सोडा, डबा जोडणंच बंद होईल. रॉकी पर्वतातल्या मॉफॅट बोगद्यात मधली दारं उघडू नका म्हणून तुमच्या मुलाला दटावलं, त्यामागेही कारण होतं. बोगदा 6.2 मैलांचा आहे, आत दहाएक मिनिटं जातात, आणि दार उघडलं की इंजिनाचा सगळा धूर आत.

ग्लेनवूड स्प्रिंग्जला डबा एक रात्र थांबवा, वर पैसे घ्या, असं तुम्ही सुचवलं होतंत. पूर्वी अशा गोष्टी जमायच्या. 2018 मध्ये अ‍ॅमट्रॅकनं खासगी डब्यांचे नियम कडक केले, आणि आता वाटेतल्या वाटेल त्या स्टेशनवर डबा सोडता किंवा जोडता येत नाही. शिकागोला सुटण्याआधी काही मिनिटं अंधार झाला, तेही याच जोडण्यातलं. वीज पुढच्या इंजिनातून येते, आणि केबल लावायला माणूस दोन डब्यांच्या मध्ये उतरतो, तेव्हा पुरवठा बंद ठेवतात. गाडीला निळा दिवा लावलेला असतो. तो ज्यांनी लावला तेच काढतात, आणि तोपर्यंत गाडी कुणाच्याही सांगण्यावरून हलत नाही.

डेक्कन ओडिसीबद्दल माझी काही तक्रार नाही. 2004 साली सुरू झालेली ती अख्खी गाडीच सहलीसाठी बांधलेली आहे, डबे नवे, वेळापत्रक तिचं स्वतःचं. तिथे थाट विकतात. आमच्याकडे जुनं अमेरिकन रेल्वेतलं राहणं मिळतं, आणि दोन्ही एकाच तराजूत घातलं तर आमचं पारडं वर जाणारच. मला विचाराल तर आमच्या डब्याचं नातं डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारशी जास्त जवळचं आहे: चालत्या गाडीत टेबलाशी बसून गरम खायचं आणि बाहेर घाट बघायचा. वायफाय नाही, ते आधीच सांगितलं होतं. जेवण आवडलं असं लिहिलंत, ते स्वयंपाक करणाऱ्यांना वाचून दाखवलंय.

आता अटेंडंटचं. तो तुमच्या शेजारच्या टेबलावर बसून जेवला हे खरं आहे, आणि यापुढेही जेवेल. कारण असं: पूर्वी अमेरिकेत पुलमन कंपनीच्या झोपण्याच्या डब्यांत पोर्टर, म्हणजे प्रवाशांची सेवा करणारे, म्हणून काम करणारे जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय होते. महिन्याला 400 तास काम, जेवण स्वतःच्या खर्चानं, बुटांचं पॉलिश स्वतःच्या खिशातून, आणि झोप मिळालीच तर पुरुषांच्या स्वच्छतागृहातल्या कोचावर. नाव काही असो, प्रवासी त्यांना मालक जॉर्ज पुलमनच्या नावावरून ‘जॉर्ज’ म्हणायचे. 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना उभारली, आणि पुलमन कंपनीनं करारावर सही केली ती 1937 मध्ये. त्या काळातलं स्टील, लाकूड, चादरींची घडी, कॉफीचे कप, सगळं आम्ही जपतो. काम करणाऱ्याला कमी लेखायची ही एक गोष्ट जपणार नाही. सासरेबुवांना ते वावगं वाटलं असेल, मी त्यांच्याशी फोनवर आनंदानं बोलेन. पण नियम बदलणार नाही. जाता जाता, त्या रात्री अडीच वाजता सासूबाईंना गरम पाण्याची पिशवी आणून दिली ती त्यानंच.

पुन्हा यायचं मनात आलं तर दोन गोष्टी करा. जूनमध्ये या, आणि उलट दिशेनं, एमरीव्हिलहून शिकागोला. त्या गाडीची ग्लेनवूडची वेळ दुपारी बाराच्या सुमाराची आहे आणि जूनमध्ये उजेड रात्री साडेआठपर्यंत असतो, म्हणजे सात तास उशीर झाला तरी दरी दिसेल. आणि शिकागोहून पुढचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचंच काढा.