हिशोबात नसलेली लिझावेता

कादंबऱ्या वाचणाऱ्याला दोन प्रकारचे लोक हमखास भेटतात. एक म्हणजे "गोष्टी काय वाचत बसतेस, काहीतरी नॉनफिक्शन वाच, ज्ञान तरी मिळेल" म्हणणारे. दुसरे त्याहून डेंजर, म्हणजे ते कादंबरी वाचतात पण संपली रे संपली की लेबल लावून मोकळे होतात, ही अस्तित्ववादी, ही मार्क्सवादी, ही स्त्रीवादी, पुढची घ्या. दोघांचं म्हणणं खरं तर एकच आहे, की विचार हा खरा माल आणि गोष्ट म्हणजे वरचं वेष्टन. मला हे अजिबात पटत नाही. उलट मला तर वाटतं की एखाद्या विचाराचं खरं काय होतं ते कादंबरीतच कळतं, कारण विचार मांडताना जो माणूस हिशोबातनं सुटलेला असतो तो कादंबरीत दार ढकलून आत येतो.

अक्षरशः आत येतो. दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' (1866) घ्या. रास्कोल्निकॉव्ह कुऱ्हाड घेऊन सावकारीण म्हातारीला मारतो हे न वाचलेल्यांनाही माहीत असतं. त्याची थिअरीही माहीत असते, की असामान्य माणसाला नियम ओलांडायचा हक्क असतो वगैरे. पण त्याच्या आधी खानावळीतला एक प्रसंग आहे, तो मला सगळ्यात भारी वाटतो. एक विद्यार्थी आणि एक तरुण ऑफिसर गप्पा मारतायत आणि हा शेजारी बसून ऐकतोय. विद्यार्थी म्हणतो, ही म्हातारी कुणाच्या उपयोगाची नाही, हिला मारून तिच्या पैशातून शेकडो आयुष्यं सावरता आली तर काय बिघडलं, एक मरण आणि बदल्यात शंभर जीव, साधं गणित आहे. आता गंमत अशी की हे गणित मांडायच्या आधी तोच विद्यार्थी त्याच म्हातारीच्या सावत्र बहिणीबद्दल भरभरून बोलत असतो. लिझावेता. गरीब स्वभावाची, बहिणीचा मार खाणारी. एवढं सगळं तो सांगतो आणि मग गणित सुरू होतं, आणि गणितात ती कुठेच नाही!

पुढे प्लॅन ठरतो तोसुद्धा तिच्यामुळेच. उद्या संध्याकाळी सातला लिझावेता घरी नसणार, हे याच्या योगायोगाने कानावर पडतं. आणि ती लवकर परत येते. कुऱ्हाड उगारलेली बघून ती ओरडतही नाही, फक्त डावा हात जरासा पुढे करते, तोही चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. एवढंच. पुस्तकभर चर्चा म्हातारीच्या खुनाची, म्हातारीला मारणं चूक की बरोबर, आणि हिच्याबद्दल तो स्वतःच एकदा मनात म्हणतो की विचित्रच आहे, मी हिचा जवळपास विचारच करत नाही, जणू मारलंच नाही. खुनानंतर घरातली मोलकरीण त्याला सहज सांगून जाते की लिझावेतालाही मारलं, तुझा सदरा नव्हता का सांधून दिला तिने. आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. त्या सदऱ्याचं वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून दिलं होतं. जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल तेच बरोबर म्हणणाऱ्या अख्ख्या उपयुक्ततावादाला यापेक्षा मोठं उत्तर मी तरी कुठल्या निबंधात वाचलेलं नाही. आणि ज्या पैशासाठी एवढं केलं ते पाकीट तो उघडून मोजतसुद्धा नाही, एका दगडाखाली दडपून येतो. म्हणजे गणिताचं गणितसुद्धा झालं नाही.

तुम्ही तो ट्रॉलीचा प्रश्न ऐकला असेल, ब्रेक नसलेली ट्रॉली पाच जणांवर चाललीय, रूळ बदलला तर एकच मरतो, काय कराल. फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंनी 1967 मध्ये एका निबंधात तो मांडला आणि तेव्हापासून त्याच्यावर ढीगभर लिहिलं गेलं. प्रश्न चांगलाच आहे, मला आवडतो. पण त्यात रुळावर पडलेल्यांपैकी कुणी कुणाचा सदरा शिवून दिलेला नसतो, आणि कुणी ठरल्या वेळेआधी परत येत नाही. तिथे किती माणसं आहेत ते आधीच सांगितलेलं असतं, आणि ते तसं सांगावं लागतं, नाहीतर प्रश्नच उभा राहत नाही. कादंबरीत किती माणसं आहेत हेच आधी माहीत नसतं.

डिकन्सनेही हेच पकडलंय, पण त्याच्या पद्धतीने, हसवत हसवत. 'हार्ड टाइम्स' (1854) मध्ये सिसी ज्यूप नावाची सर्कशीतली मुलगी शाळेत येते. तिला विचारतात, घोड्याची व्याख्या सांग. बापाचं सगळं आयुष्य घोड्यांत गेलेलं आणि हिला व्याख्या येत नाही, तो दुसरा मुलगा मात्र चतुष्पाद, तृणभक्षक, दात चाळीस अशी घडाघडा म्हणून दाखवतो. पुढे मास्तर विचारतात, समजा एका शहरात दहा लाख लोक आहेत आणि वर्षभरात फक्त पंचवीस जण रस्त्यावर उपाशी मेले, तर या प्रमाणाबद्दल तुझं मत काय? सिसी म्हणते, बाकीचे दहा लाख असोत नाहीतर दहा लाख गुणिले दहा लाख, जे मेले त्यांना तेवढाच त्रास झाला असेल. उत्तर अर्थातच चूक. (डिकन्स इथे जरा जास्तच भडक रंगवतो, मास्तरचं नावसुद्धा मॅकचोकमचाइल्ड ठेवलंय, मुलांचा गळा आवळणारा! पण माफ.)

आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी काय वेगळं केलं? 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा, त्याच्यावरून वर्तमानपत्रांतून केवढा धुरळा उडाला, धर्म की सुधारणा, सरकारने यात पडावं की पडू नये. आणि त्याच काळात 'पण लक्षात कोण घेतो' मध्ये यमू स्वतःच्या तोंडाने सगळं सांगत बसलीय, घरातलं बोलणं, सासर, माहेर, कोण कुणाला काय म्हणालं. जिच्याबद्दल दोन्ही बाजू भांडत होत्या तिला बोलायला दिलं, बस. तो वाद आज अभ्यासकच वाचतात, यमूला अजून लोक वाचतात.

आता इथे कुणी म्हणेल की मग लेखकाला तत्त्वज्ञान माहीतच नसलेलं बरं. तसं अजिबात नाही. जॉर्ज एलियट या इंग्रज कादंबरीकार बाईंनी स्पिनोझा या तत्त्वज्ञाचं 'एथिक्स' 1856 मध्येच इंग्रजीत आणून ठेवलं होतं, छापलं गेलं ते थेट 1981 मध्ये. तिची 'मिडलमार्च' वाचताना स्पिनोझाचं नाव काढायची गरज पडत नाही, पण एकोणतिसाव्या प्रकरणात ती नायिका डोरोथियाबद्दल वाक्य सुरू करते आणि मध्येच थांबून विचारते, नेहमी डोरोथियाच का? आणि मग त्या कोरड्या, कंटाळवाण्या, आपल्याला एव्हाना नकोशा झालेल्या तिच्या नवऱ्याच्या, कॅसॉबनच्या मनात शिरते. माणसांना हसू नका, शिव्या देऊ नका, समजून घ्या, हे स्पिनोझाचं म्हणणं आपण मान डोलावून वाचतो. एलियट ते आपल्याकडून करून घेते, तेही कॅसॉबनसारख्या माणसाच्या बाबतीत, म्हणजे किती अवघड!

माझ्या या सगळ्या म्हणण्याला एक सॉलिड अडचण आहे आणि तिचं नाव चेर्निशेव्हस्की, हा रशियन क्रांतिकारी लेखक. त्याने तुरुंगात बसून 'काय करावे?' लिहिली, 1863 मध्ये आली. तिच्यात हिशोबातनं सुटलेला माणूसच नाही. सगळे समजूतदार, शिवणकामाची सहकारी संस्था झकास चालते, प्रेमाचा त्रिकोणही शहाणपणाने सुटतो, आणि एक क्रांतिकारक तर स्वतःची परीक्षा घ्यायला खिळ्यांवर झोपतो. कादंबरी म्हणून रद्दी, हे माझं स्पष्ट मत. पण तिने पिढ्याच्या पिढ्या पेटवल्या, लेनिनने 1902 मध्ये आपल्या पुस्तिकेला मुद्दाम तेच नाव दिलं. दोस्तोयेव्हस्कीने वर्षभरातच 'नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड' मधून तिला उत्तर दिलं, की तुमच्या त्या आदर्श समाजाच्या काचेच्या महालाला मला जीभसुद्धा काढून दाखवता येणार नसेल तर मला तो नको, माणूस स्वतःचं नुकसान करून घेईल पण दाबली की वाजणारी पियानोची पट्टी होणार नाही. साहित्यात दोस्तोयेव्हस्की जिंकला. रस्त्यावर कोण जिंकलं ते आपल्याला माहीत आहे, आणि या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही.

टॉलस्टॉयचं तर काय सांगावं. 'वॉर अँड पीस' मध्ये नेपोलियनविरुद्धच्या ऑस्टरलिट्झच्या लढाईच्या आदल्या रात्री जनरल लोकांपुढे लढाईचा प्लॅन वाचला जातोय आणि म्हातारा रशियन सेनापती कुटुझॉव्ह खुर्चीत चक्क घोरतोय. इतिहास कुणाच्या प्लॅनने चालत नाही हे तिथेच कळलं ना? पण टॉलस्टॉयला राहवत नाही, शेवटी उपसंहारात इतिहास, सत्ता, इच्छास्वातंत्र्य यांच्यावर आख्खा निबंध पाजतो. तरी मी तो दर वेळी वाचते, वैतागत वैतागत, एकही पान न गाळता, आणि मधेमधे कडेला पेन्सिलीने लिहिते की अहो काउंट, कळलं.