संदर्भ मागितला म्हणजे अपमान केला असं नाही

परवा ओळखीच्या एका पोराचा फोन आला. भयंकर चिडलेला. "ताई, मी जन्मापासून कोल्हापुरात, आणि मलाच संदर्भ मागतात व्हय? आमचं गाव आम्हाला ठावं नाही?" मराठी विकिपीडियावरचं त्याचं वाक्य कुणीतरी संदर्भ नाही म्हणून उलटवलं होतं, म्हणजे काढून पान आधीसारखं केलं होतं. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

हाच राग मलाही आला होता. कोल्हापुरी चप्पलेच्या पानावर मी लिहिलं होतं की ही चप्पल फक्त कोल्हापूरची, बाकीच्यांनी इथनं उचलली. कर्नाटकातल्या अथणीकडच्या एका सदस्यानं ते काढलं. मी परत घातलं, त्यानं परत काढलं. रात्री अकरापर्यंत हेच चाललं होतं. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर संपादन करण्यापासून रोखतात. तो नियम कशासाठी केला असेल ते मला त्या रात्री कळलं. शेवटी त्यानंच चर्चापानावर, म्हणजे लेखाबद्दल बोलायच्या पानावर, लिहिलं, "आमच्याकडेही पिढ्यानपिढ्या हेच काम चालतं. तुमच्याकडे छापील काय आहे?"

होतं ना! एका पुरवणीतला लेख होता. दुसऱ्या दिवशी कात्रण काढून वाचायला बसले, तर त्यात माझंच वाक्य. शब्दन् शब्द तोच, 'कारागीरांनी' मधली माझी चुकीची दीर्घ 'गी' सुद्धा तशीच. पानाचा इतिहास उघडला, तारखा ताडून बघितल्या. माझं संपादन लेखाच्या आठ महिने आधीचं निघालं. लेखकानं विकिपीडियावरून उचललं होतं आणि मी तोच लेख विकिपीडियापुढं पुरावा म्हणून ठेवायला निघाले होते. चर्चापानावर तसं लिहिलं आणि वाक्य मीच काढलं.

मग दोघांनी मिळून शोधलं. कोल्हापुरी चप्पलेचं भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांना मिळून आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. 'फक्त' हा शब्द तिथंच गळाला. आमच्या जिल्ह्यातल्या कापशीचं नाव राहिलं, अथणीचं आलं. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावतात, यावर तर आमचा वाद कधीच नव्हता. कोल्हापूरचं यात काय कमी झालं? मला तरी काही सापडत नाही.

विकिपीडियाच्या तटस्थतेच्या नियमाचाही असाच घोळ होतो. राजर्षी शाहू महाराजांच्या पानावर कुणी 'युगपुरुष', 'थोर', 'अलौकिक' घालतं आणि कुणी ते काढलं की इथल्या माणसाला झोंबतं. मलाही झोंबतं. पण २६ जुलै १९०२ ला महाराजांनी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे तारखेसकट आणि संदर्भासकट लिहिलं की त्यापुढं 'थोर' लिहायची गरज उरते का? मात्र तटस्थतेच्या नावाखाली कुणी 'शाहू गादीवर आला' असं लिहायला लागलं तर मी भांडेन. आदरार्थी बहुवचन ही मराठीची रीत आहे, तिला पक्षपात म्हणू नये.

आणि जुन्या संपादकांनाही एक सांगायचंय. नुसतं उलटवून जाऊ नका. संपादनाच्या सारांशात कारणाची एक ओळ लिहा, चर्चापानावर हाक मारा. अथणीच्या त्या माणसानं दोन ओळी लिहिल्या नसत्या, तर मी त्याच रात्री विकिपीडिया सोडलं असतं. अशी कितीतरी माणसं न बोलता निघून जातात.

एक गोष्ट मात्र मला अजून छळते. सुभाषनगरात एक आजी चप्पलेची वेणी विणतात, कातड्याच्या बारीक वाद्या बोटांत धरून, खाली न बघता. कुठली वेणी कुणाकडून आली, हे त्या घराण्यासकट सांगतात. त्यातलं एक अक्षर मला विकिपीडियावर घालता येत नाही, कारण ते कुठंच छापलेलं नाही. नियम ढिला करा असं मी म्हणणार नाही, तो ढिला झाला तर उद्या कुणीही काहीही घालेल. पण ज्यांच्यावर कुणी लिहिलंच नाही त्यांचं काय?

म्हणून विचारते. कुणाच्या घरी चप्पल कारागिरांवरचं जुनं छापील काही असेल, स्मरणिका, मासिक, जातपंचायतीचा किंवा सोसायटीचा अहवाल, तर फोटो पाठवा. प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक दिसू दे. काहीच नसेल आणि कुणी आजींची मुलाखत घेऊन छापायला तयार असेल, तर मी रविवारी सोबत यायला मोकळी आहे.