लोणारच्या तळ्याला बुड आहे

फिरत असलेला मजकूर असा: लोणारचं पाणी ५०० फूट खोल आहे, सात बाजांची दोरी सोडली तरी बुड लागत नाही, ऑक्सिजन सिलिंडर लावून उतरलेले पाणबुडेही तळ न बघता परतले, कारण खाली भुयार आहे.

पाचशेचा आकडा हवेतला नाही, भलत्या जागी चिकटवलाय. तळं ज्या उल्काविवरात आहे, त्या विवराच्या काठावरून खाली पाण्यापर्यंतचं अंतर तेवढं, सुमारे १५० मीटर. पाणी स्वतः काही मीटरच खोल आहे, पावसाप्रमाणे कमीजास्त होतं.

दोरीचं म्हणाल, तर खाली घट्ट जमीनच नाही. बोअर घेतले तेव्हा आधी सुमारे १०० मीटर गाळ आणि मग फुटलेला बेसाल्ट (काळा खडक) लागला. दोरीचा दगड चिखलात रुतत जातो, टेकल्याचं हाताला कळत नाही, म्हणून सोडणारा सोडतच राहतो. भुयाराची गोष्ट बहुधा इथूनच निघाली.

पाणबुड्यांच्या सिलिंडरात सहसा नुसता ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली घेतला तर झटके येऊ शकतात, तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारं साधन) सुटतो आणि माणूस बुडतो. १५० मीटर खोल पाण्यात दाब पृष्ठभागाच्या १६ पट. तिथे साधी हवाही घातक. ऑक्सिजन कमी केलेलं हेलियमचं मिश्रण, सिलिंडरांचा ढीग आणि वर येताना कित्येक तासांचे थांबे लागतात. अशी मोहीम निघाली असती तर अख्ख्या बुलडाण्याला कळलं असतं.

धोका मात्र खरा आहे, तो उथळ पाण्यातच. पाण्यात शेवाळ, त्यात फिन (पायातला पोहण्याचा पंखा) जरा खाली आपटला की गाळ उठतो आणि हवेचा दाब दाखवणारा गेजही दिसत नाही. म्हणून काठाला बांधलेला दोर हातातून सोडायचा नाही. हवेचा हिशोब असा: १२ लिटरचं सिलिंडर, २०० बार (दाबाचं एकक) दाबाने भरलेलं, म्हणजे २४०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला ५ मीटर खोलीवर दाबामुळे ३० लागतात. एक तृतीयांश जायला, एक यायला, एक अडचणीला. जाण्याच्या वाट्याला जेमतेम २६ मिनिटं. घाबरलं की हा हिशोब कोसळतो, कारण श्वास दुप्पट होतो.

पाण्याचा पीएच १० च्या आसपास, म्हणजे पाणी बरंच अल्कधर्मी असल्याने पूर्ण चेहरा झाकणारा मास्क आणि ड्रायसूट (पाणी आत न येणारा पोशाख) हवा. खारं पाणी वर ढकलतं; खाली जाण्यासाठी बांधायचं शिशाचं वजन तिथंच, काठाजवळ तपासून ठरवावं. बाहेर आल्यावर रेग्युलेटर आणि ड्रायसूटची चेन गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर क्षार बसून अडकतात. आणि हे अभयारण्य आहे; वनविभागाच्या परवानगीशिवाय पाण्यात पाऊल टाकू नये.