वजनकाटा घरी विसरलात तरी चालेल

गणपतीला गावी येताय ना? मग येताना सल्ले भरपूर आणा, कोकणकन्येत जागा नसली तरी सल्ल्यांना रिझर्व्हेशन लागत नाही.

पोर नमस्काराला वाकली की लगेच सुरू करू नका. माणसं जमू द्या. आमच्याकडे यंदा पंगत बसली, माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने दुसरा मोदक घेतला, शेंडा फोडून आत तूप सोडलं आणि तेवढ्यात समोरून काकीचा आवाज, "गो बाय, चेडवाक काय घालतंस गो खावक? जरा आवर!" वीसेक माणसं हसली. तिने मोदक पानाच्या कडेला, मिठाच्या बाजूला सरकवून ठेवला आणि म्हणाली, पोट भरलं. टायमिंग असं हवं.

(हीच काकी चार वर्षांपूर्वी "काडी झालीय पोर, उपाशी ठेवतेस की काय" म्हणाली होती. म्हणजे मध्ये कधीतरी एखादा दिवस वजन बरोबर होतं, तेव्हा काकी मुंबईत होत्या.)

बोलायचं ते आईलाच. बापाला नको, त्याला आरतीचं टेन्शन असतं.

मोबाईल काढा, पोरीचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) काढा. आमच्या एका भावोजींनी काढला, ॲप म्हणालं 'नॉर्मल', तर ह्यांचा चेहरा पडला. अहो भावोजी, ते ॲप मोठ्या माणसांचं. मुलांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी बघून तक्त्यावर वाचतात, आपल्याकडे ५ ते १८ वर्षांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, आणि डॉक्टर एक आकडा नाही, रेघ कुठून कुठे चाललीय ते बघतात. वयात यायच्या आधी मुली थोड्या भरतातही. आमच्या डॉक्टरांकडे तिचा तक्ता आहे. तुमच्याकडे कशाला हवा?

"खेळायला सोडत नाही का?" हे तर विचाराच. सोडते ना, कुठे सोडू? दारासमोर हायवे चौपदरी झाला, सायकल पडवीत गंजतेय, जूनपासून पाऊस, शाळा, मग क्लास, मी ऑफिसातून एसटीने घरी पोचते पावणेसातला, त्यानंतर जेवण, होमवर्क, सासऱ्यांच्या गोळ्या, आणि वर रोज ६० मिनिटं धावपळीचा व्यायाम हवा म्हणे, डब्ल्यूएचओचं बरोबरच आहे, फक्त ती ६० मिनिटं कुठून आणायची तेवढं सांगा. शाळेच्या गेटपासून ५० मीटरात तळकट-गोड पाकिटं विकायची नाहीत असा २०२० चा नियम आहे, आमच्याकडे गेटसमोरच पाच-पाच रुपयांच्या माळा लटकतात, त्या दुकानदाराला एकाने तरी सुनावलंय? आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी फरसाण, चॉकलेटं आणि दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घेऊन "माझ्या सोनूसाठी" म्हणत कोण आलं होतं? मी? आणली तुम्ही, पाजली तुम्ही, आणि पंगतीत हिशेब माझ्याकडून!

जाऊ दे, आता सल्ला-बिल्ला राहू दे. सरळ सांगते. पोरीच्या शरीराबद्दल पोरीसमोर बोलायचं नाही. जाडी नाही, बारीक नाही, "गोबरी" पण नाही, तिला सगळं कळतं. त्या रात्री ती फुगड्यांना उठली नाही, पोटात दुखतंय म्हणून पडवीत बसून राहिली. परवा शेजारून मोदक आले तर मला विचारते, "आई, मी एक खाऊ?" नऊ वर्षांची पोर बाप्पाच्या प्रसादाला परवानगी मागतेय. लाज वाटू द्या जरा.