काकांची अकरा डब्यांची पिशवी

'मोफत हाडांची तपासणी' हे तीन शब्द ज्या बॅनरवर दिसतील त्या बॅनरसमोरून आपापल्या आईवडिलांना हाताला धरून पुढे न्या. आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

सकाळी कोथरूडमधले एक काका आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आले आणि कापडी पिशवी उपडी केली. अकरा डब्या. वय ७४, शुगरची मेटफॉर्मिन बारा वर्षं चालू, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी. प्रश्न एकच: "यातलं कुठलं जेवणाआधी आणि कुठलं नंतर, तेवढं लिहून द्या."

सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर झालं होतं. टाच मशिनमध्ये ठेवायची, दोन मिनिटांत चिठ्ठी, टी-स्कोअर उणे १.८, लाल पट्टा. आता टी-स्कोअर म्हणजे काय, तर तुमच्या हाडांची घनता तिशीतल्या निरोगी माणसाशी लावून पाहणं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो उणे येणार नाही तर काय येईल? आणि उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाडं जरा विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, या रेघा खुबा आणि मणक्याच्या डेक्सा तपासणीसाठी, म्हणजे एक्स-रेने घनता मोजण्यासाठी आहेत. टाचेच्या मशिनला त्या लावायच्याच नसतात. पण चिठ्ठी हातात पडली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला डबी विकायला एमबीए लागत नाही.

तर डब्या. डॉक्टरांनी गेल्या वर्षी डी थ्रीची, म्हणजे डी जीवनसत्त्वाची, ६०,००० आययूची (आययू हे त्याचं माप) पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे दिली होती. आठ आठवडे संपले, पुडी संपली नाही. काका दर रविवारी घेतच राहिले. त्यावर शिबिरवाल्यांनी एक 'शॉट' दिला, छोटी बाटली, छान चव. त्यातही तेच ६०,०००, तेही आठवड्याला. म्हणजे दिवसाला सरासरी सतरा हजार आययू. वरच्या मर्यादेचा नेहमीचा आकडा रोज ४,००० आहे. कॅल्शियमच्या गोळीत डी थ्री, मल्टीव्हिटॅमिनमध्ये डी थ्री, ते वेगळंच. डी हे चरबीत साठणारं जीवनसत्त्व आहे, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. ते आतड्यातून कॅल्शियम ओढत राहतं, रक्तातलं कॅल्शियम चढतं, आणि मग तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, वारंवार लघवी, पुढे मूतखडा, किडनीवर ताण, कधी गोंधळल्यासारखं होणं.

काकांना रात्री चार वेळा उठावं लागतंय. त्यांना वाटलं प्रोस्टेट. मग त्यासाठी सॉ पामेटो या वनस्पतीच्या अर्काची डबी आली. ती पिशवीतली नववी. एका डबीने केलेलं दुखणं दुसरी डबी निस्तरतेय आणि दोन्हींचे पैसे पेन्शनमधून.

बरं, काका पक्के शाकाहारी. पिशवीत माशाचं तेल होतं. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, तेही प्राणिजन्य. सांध्यांचं ग्लुकोसामाइन, जे बहुतेकदा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात. डबीवर मांसाहाराची तपकिरी खूण असते, पण ती शोधायला भिंग लागतं. त्या माशाच्या तेलावर पुढे ठळक '१००० मिग्रॅ', मागे बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२०. कामाचं ओमेगा-३ एवढंच, ३००. उरलेलं नुसतं तेल. बरं, जास्त डोस घेऊन भागेल म्हणाल, तर जास्त डोसमध्ये हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

"अहो, पण नॅचरल आहे ना?" हळद नॅचरलच आहे. पण फोडणीतल्या चिमूटभर हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, आणि डबीत ९५ टक्क्यांचा अर्क, वर शोषण वाढावं म्हणून मिऱ्यातलं पिपेरिन. अशा अर्कांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. अश्वगंधाच्याही आहेत. आजीच्या हळदीच्या दुधाशी याचं नातं आडनावापुरतंच.

मान्य, सगळंच थोतांड नाही. डोळ्यांच्या पडद्याची मध्यम झीज असेल तर ल्युटिन, झिंक वगैरेंचा ठरावीक डोस झीज पुढे सरकणं मंदावतो, डोळ्यांचे डॉक्टर तो लिहूनही देतात. मल्टीव्हिटॅमिनने म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीत थोडा फरक दिसल्याचे अमेरिकेतले अभ्यासही आहेत. थोडा. पण त्याच अमेरिकेत २५,८७१ लोकांना पाच वर्षं डी आणि माशाचं तेल देऊन पाहिलं, तर मुख्य प्रश्नाचं उत्तर नकारार्थीच आलं. कॅन्सर कमी झाले नाहीत, हार्ट ॲटॅक-स्ट्रोक-हृदयविकाराचे मृत्यू मिळून जो आकडा निघतो तोही हलला नाही.

आता ज्याने खरंच संताप आला ते. काकांच्या पायांना सात-आठ महिने मुंग्या येतात. अंधारात तोल जातो. बारा वर्षं मेटफॉर्मिन, रोज ॲसिडिटीची गोळी, शाकाहार, आणि वय. बी-१२ कमी व्हायची चारही कारणं एका माणसात. शिबिरात कुणी विचारलं नाही. मालिश करायला तेल विकलं. अकरा डब्यांत बी-१२ किती? मल्टीव्हिटॅमिनमधलं एक मायक्रोग्रॅम. आणि हे घडतंय पुण्यात, जिथे केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. याज्ञिकांनी आयुष्यभर याच बी-१२ वर काम केलं आणि २००६ साली दाखवून दिलं की शहरी मध्यमवर्गीय पुरुषांत ८१ टक्क्यांचं बी-१२ कमी आहे. म्हणजे तुमचं-आमचंच.

बी-१२ ची गोळी पिशवीतल्या कुठल्याही डबीपेक्षा स्वस्त पडते. मुंग्या असतील तर डॉक्टर आधी इंजेक्शनं देतात, नंतर १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालते. एवढी मोठी का? कारण जठराची साथ नसली तरी साधारण एक टक्का आपोआप शोषला जातो, म्हणजे दहा मायक्रोग्रॅम, आणि गरज दोन-अडीचची. मात्र नुसतं फॉलिक ॲसिड घेत बसू नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत नसा खराब होत राहतात.

काकूंची तऱ्हा वेगळी. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम सकाळी सहाला एकदम, चहाबरोबर. कॅल्शियम ती गोळी धरून ठेवतं, शोषू देत नाही. टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात चढणारा आकडा) वाढला, गोळीचा डोस वाढवला, टीएसएच पुन्हा वाढला. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम आणि लोह चार तासांनी. एवढं केलं तरी पुष्कळ. घरात कुणी रक्त पातळ करणारं वॉर्फरिन किंवा ॲसेनोकुमरॉल घेत असेल तर कॅल्शियमच्या डबीवर 'के२-७' लिहिलंय का ते आजच बघा. ते के जीवनसत्त्व, त्या औषधाच्या विरुद्ध काम करतं. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर थायरॉइडच्या रक्ततपासणीआधी दोन-तीन दिवस बंद, नाहीतर रिपोर्ट खोटा येतो.

आणि कॅल्शियम हवंच असेल तर आधी ताट मोजा. दोन कप दूध म्हणजे साडेचारशे-पाचशे मिग्रॅ, वाटीभर दही सव्वाशे-दीडशे, नाचणीची एक भाकरी तेवढीच. गरज हजाराची, पाळी गेलेल्या बायकांना बाराशेची. उरतं ते एका गोळीचं. तीही कार्बोनेट असेल तर जेवणानंतर. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट विचारा, कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं. लेबलवरचे १२५० म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५००, हेही लक्षात असू द्या. सकाळी सहाला सारसबागेत फिरणं उत्तम, पण त्या उन्हात डी बनत नाही. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की बनतं.

काकांवर मात्र राग धरवत नाही. मुलगा परदेशात. "पडलो तर कोण उचलणार?" हे ते इतक्या हळू बोलले की त्या अकरा डब्या कशासाठी होत्या ते कळलं. पडू नये म्हणून पिशवीत काहीच नव्हतं. किलोला एक ग्रॅम प्रथिन धरलं तर त्यांना ६५ ग्रॅम लागतं, आणि रात्री खिचडी-कढी. किडनी ठीक निघाली तर पनीर, सोयाबीन, मूग, दूध वाढवायचं आणि खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं, दिवसातून दोनदा.

दोन्ही डी आजपासून बंद. उद्या रक्तातलं कॅल्शियम, किडनीसाठी क्रिएटिनीन, डी आणि बी-१२, आणि रिपोर्ट घेऊन थेट त्यांच्या डॉक्टरांकडे. पिशवी काउंटरखाली ठेवलीय. काकूंचा फोन येऊन गेला: गोळ्या फेका, डब्या तेवढ्या परत पाठवा, जिऱ्या-मोहरीला बऱ्या पडतील. लेबलं काढून पाठवतो म्हटलं.