इंग्लंड आणि फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध सॅलिक कायद्यामुळे पेटलं म्हणे!

फ्रान्सच्या सॅलिक कायद्यात बाईला गादी नाही असं लिहिलेलं, म्हणून 1328 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचा आईकडून आलेला हक्क डावलला, तो खवळला आणि सलग 116 वर्षं युद्ध चाललं. हा दावा सगळीकडे फिरतोय आणि लोक डोळे झाकून पुढे ढकलतायत. यातला जवळपास प्रत्येक तुकडा लंगडा आहे.

पहिलं म्हणजे तो कायदा. हा फ्रँक टोळ्यांचा जुना कायदा, त्यात जमिनीच्या वारसाबद्दल एक कलम आहे, राजमुकुटाबद्दल अक्षर नाही. आणि 1328 च्या वादात तो कोणी पुढे केलाच नव्हता. सेंट-डेनिसच्या मठातल्या एका भिक्षूने तो 1358 मध्ये उकरून काढला, आणि गाजला तर थेट पंधराव्या शतकात. म्हणजे निर्णय आधी, कायदा मागून!

मग बायकांना बाजूला सारलं कोणी? काकाने. 1316 मध्ये फ्रान्सचा राजा दहावा लुई गेला, त्याच्यामागे जन्मलेला मुलगा पाच दिवस जगला, उरली छोटी मुलगी जान. तिच्या आईवर व्यभिचाराचा ठपका होताच, तो संशय काका फिलिपच्या कामी आला आणि त्याने गादी बळकावली, नंतर सरदारांच्या सभेकडून बाईला मुकुट नाही असं वदवून घेतलं. सरळ भाऊबंदकी. गंमत म्हणजे सहा वर्षांत तो स्वतः मुलीच ठेवून मेला आणि त्याच नियमाने गादी भावाकडे गेली. तो भाऊही 1328 मध्ये मुलगा न ठेवता वारला तेव्हा सरदारांसमोर एकीकडे घरचा, मोठा, पुरुषवंशातला चुलतभाऊ फिलिप ऑफ व्हॅल्वा आणि दुसरीकडे पंधरा वर्षांचा परका एडवर्ड, ज्याचा कारभार त्याची आई, म्हणजे वारलेल्या राजाची बहीण इझाबेला, आणि तिचा प्रियकर मॉर्टिमर बघत होते. यांना कोण बोलावणार?

एडवर्ड लगेच खवळला हे तर अजिबातच नाही. 1329 मध्ये तो फ्रान्समधल्या आमियां शहरात गेला आणि ज्याने "आपली" गादी घेतली त्याच फिलिपसमोर नैऋत्य फ्रान्समधल्या आपल्या गुयेन प्रांतासाठी मांडलिकत्वाची शपथ घेतली, 1331 मध्ये ती पूर्ण निष्ठेची शपथ होती असं लिहूनही दिलं.

खरी मेख या गुयेनमधेच आहे. बोर्दोच्या वाइनचा हा प्रांत, त्याचा मालक इंग्लंडचा राजा, पण तिथला कुठलाही सरदार निकाल पटला नाही की पॅरिसच्या कोर्टात अपील करणार आणि फ्रान्सचा राजा त्यात नाक खुपसणार. एक राजा दुसऱ्याचा मांडलिक, हे दुखणं कधी बरं होणारच नव्हतं. फ्रान्सने हा प्रांत 1294 मध्ये खालसा केला होता, 1324 मध्ये पुन्हा खालसा केला, दोन्ही वेळा लढाया झाल्या आणि तेव्हा फ्रान्सच्या गादीचा वाद औषधालाही नव्हता. 1337 मध्ये तिसऱ्यांदा खालसा केला, त्यात स्कॉटलंडच्या राजाला फ्रान्सने दिलेला आसरा होताच, आणि युद्ध सुरू झालं.

एडवर्डने स्वतःला "फ्रान्सचा राजा" म्हणवून घेतलं ते 1340 मध्ये, फ्लँडर्समधल्या (आजचं बेल्जियम) गेंट शहरात. तिथले फ्लेमिश विणकर इंग्लंडच्या लोकरीवर जगणारे, त्याच्या बाजूने यायला तयार, पण फ्रान्सच्या राजाशी त्यांची शपथ होती. एडवर्डच फ्रान्सचा राजा म्हटल्यावर शपथही मोडत नाही आणि लोकरही मिळते.

सलग 116 वर्षं? 1337 ते 1453 मध्ये मोठमोठे तह आणि युद्धबंद्या आहेत, "शंभर वर्षांचं युद्ध" हे नावही एकोणिसाव्या शतकात रुळलं.

आणि गादीच हवी होती म्हणणाऱ्यांनी 1360 चा ब्रेतिन्यीचा तह बघावा. फ्रान्सचा राजा जॉन एडवर्डच्या कैदेत, सगळे पत्ते याच्या हातात, आणि तरी एडवर्ड मुकुटाचा दावा सोडायला तयार झाला, बदल्यात मोठा केलेला गुयेन शपथेशिवाय मिळणार म्हणून. 1369 मध्ये परत फाटलं ते कशावरून? तिथल्या सरदारांनी करावरून पॅरिसला अपील केलं आणि फ्रान्सच्या राजाने ते दाखल करून घेतलं.