टोपी, लोखंड आणि १३५ माणसं

पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनने १७७४ साली, अमेरिका अजून ब्रिटिश वसाहत असताना, ब्रिटिश अमेरिकेच्या हक्कांवर लिहिलेल्या पुस्तिकेचं पुनर्मुद्रण परवा हाती आलं. मूळ छापील पानं अवघी २३. रात्री जेवणं आटोपल्यावर उघडली ती संपवूनच उठले.

आधी ती छापली कशी गेली ते सांगते. जेफरसन तेव्हा ३१ वर्षांचा. व्हर्जिनिया वसाहतीच्या प्रतिनिधींची विल्यम्सबर्गला सभा होती, तिला निघाला आणि हगवणीने वाटेतूनच परत फिरला. लिहिलेलं मात्र पुढे पाठवून दिलं. सभेचा अध्यक्ष पेटन रँडॉल्फ याने ते सभासदांपुढे ठेवलं. अनेकांना फार जहाल वाटलं. मित्रांनी त्याला न विचारताच ते छापायला दिलं, वर त्याचं नावही न घालता. छापणारी होती क्लेमेंटिना रिंड. नवरा आदल्याच वर्षी गेलेला, मुलं पदरात, आणि ही बाई छापखाना चालवून वर्तमानपत्रही काढत होती. त्याच सप्टेंबरात ती वारली. तिच्या खिळ्यांवरून उठलेला मजकूर वर्षाच्या आत फिलाडेल्फियात आणि खुद्द लंडनमध्ये पुन्हा छापला गेला. पुनर्मुद्रणात तिच्याविषयी चार ओळी तरी हव्या होत्या, असं मला मनापासून वाटतं.

आत सगळ्यात भिडलं ते टोपीचं. आपल्याच जमिनीवर पकडलेल्या जनावराच्या फरची टोपी अमेरिकन माणसाने स्वतःसाठीसुद्धा करायची नाही, असा कायदा, असं तो लिहितो. लोखंड तिथलं, पण वस्तू इंग्लंडात घडणार आणि जाण्यायेण्याचं भाडं यांनीच भरायचं. कापूस आपला आणि कापड मँचेस्टरचं, हे शाळेत शिकलेल्या आपल्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. राजे हे जनतेचे सेवक आहेत, मालक नव्हेत, हे शेवटाकडचं वाक्य मला पटलं ते या टोपीमुळे.

मग येतो गुलामगिरीचा परिच्छेद. ती बंद व्हावी हीच वसाहतींची मोठी इच्छा, पण आफ्रिकेतून माणसं आणणं रोखायचे आमचे प्रयत्न इंग्लंडच्या राजाने हाणून पाडले, अशी तक्रार. राजाने अडवलं हे खरंच. पण १७७३ मध्ये सासरे जॉन वेल्स वारले आणि जेफरसनच्या घरी वारशात १३५ गुलाम आले. आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती. मुक्त केली ती बोटांवर मोजण्याइतकी.

हा १३५ चा आकडा प्रस्तावनेत छापल्याशिवाय ही पुस्तिका कुणी छापू नये, असं माझं ठाम मत आहे. एका मैत्रिणीने विचारलं, मग वाचायचीच कशाला? मी तिला बेंजामिन बॅनेकरचं सांगितलं. स्वतंत्र कृष्णवर्णीय, पंचांगकर्ता. सगळी माणसं समान, हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं जेफरसनचं १७७६ चं वाक्य त्याने १७९१ मध्ये पत्र लिहून जेफरसनपुढेच ठेवलं आणि जाब विचारला.

आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्याच लोकांना. राजाला ठणकावणाऱ्या पुढाऱ्यांना नव्हे, गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी माणसांना.